मैदानावरचा आधार : स्पोर्ट्स ब्रा कशी निवडावी?

दारव्हा, पुसद, वणी, उमरखेड... यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे चक्कर मारली, तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि एकूण ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेला असतात. एकेका सेकंदाचे मोल असलेल्या या धावेत काही मुली कोपर छातीशी घट्ट धरून, खांदे पुढे झुकवून धावतात. अशा धावण्याने हात मोकळे फिरत नाहीत आणि पाऊल आखूड पडते. प्रशिक्षक ओरडतात, "हात हलव, हात!" पण मुलगी हात का हलवत नाही, हे ती सांगत नाही आणि तिला कोणी विचारतही नाही.

शाळेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. पाचवी-सहावीत खो-खोमध्ये सर्वांत चपळ असलेली मुलगी आठवीत गेल्यावर खेळाच्या तासाला "पोट दुखते" म्हणून वर्गात बसून राहते. कारणे अनेक असतात. पण त्यांतले एक कारण फार साधे, फार सामान्य आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे : धावताना, उड्या मारताना छातीला हिसके बसतात, दुखते आणि लाज वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधील ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना याविषयी विचारले होते. स्तनांमुळे आपल्या खेळातील सहभागावर काही ना काही परिणाम होतो, असे जवळजवळ निम्म्या मुलींनी सांगितले. बहुसंख्य मुलींना याविषयी अधिक माहिती हवी होती. आपल्याकडच्या मुलींनाही ती हवी असणारच. फक्त त्या विचारत नाहीत. म्हणून या लेखात आपण हा विषय संकोच बाजूला ठेवून, भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र यांच्या आधारे समजून घेऊ या.

स्तनाला आधार कशाचा?

दंडाला किंवा मांडीला आकार आणि ताकद स्नायूंमुळे मिळते. स्तनात मात्र दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि संयोजी ऊती असतात; त्याला उचलून धरणारा स्नायू त्यात नसतो. छातीचा मोठा स्नायू स्तनाच्या मागे असतो. त्यामुळे कितीही व्यायाम केला तरी स्तनाची हालचाल स्नायूंच्या जोरावर थांबवता येत नाही. आधार असतो तो वरच्या त्वचेचा आणि आतून जाणाऱ्या पातळ तंतुमय बंधांचा. इंग्लंडमधील शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये स्तनाच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावावरून या बंधांना 'कूपरचे बंध' म्हणतात.

धावताना धड वर-खाली होते. धड खाली येऊन पुन्हा वर निघते, तेव्हा जडत्वामुळे स्तन अजून खालीच जात असतो. मग बंध आणि त्वचा ताणली जाऊन तो वर खेचला जातो. ही हालचाल केवळ वर-खाली नसते. डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही ती होते, आणि समोरून पाहिल्यास तिचा मार्ग साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो.

एक ढोबळ गणित मांडून पाहू. धावताना दर सेकंदाला ३ पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक स्तन छातीच्या तुलनेत एकूण ८ सेंटिमीटर वर-खाली होतो, असे समजा. ही सरल आवर्त गती मानली तर आयाम ४ सेंटिमीटर आणि वारंवारिता ३ हर्ट्झ. कोनीय वारंवारितेचा वर्ग सुमारे ३५५ येतो, त्याला ०.०४ मीटरने गुणले की छातीच्या तुलनेत कमाल त्वरण मिळते सुमारे १४ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दीडपट झाले! आता ८०० मीटरच्या धावेत १.२ मीटरचे एक पाऊल धरले, तर असे हिसके साडेसहाशेहून अधिक वेळा बसतात. हालचाल निम्म्यावर आणली तर त्वरणही निम्मे होते. स्पोर्ट्स ब्राचे काम एवढेच, पण ते फार मोलाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रा घातली नाही तर स्तन ओघळतातच, असे सिद्ध झालेले नाही. वय, गर्भारपण, वजनातील चढउतार, धूम्रपान यांचा त्यात वाटा असतो. ब्रामुळे कर्करोग होतो, या समजुतीलाही पुरावा नाही. स्पोर्ट्स ब्रा घालायची ती वेदना टाळण्यासाठी आणि मोकळेपणाने खेळता यावे यासाठी.

दोन लंगोटांतून लागलेला शोध

गरज जुनी असली तरी हे वस्त्र नवे आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल या धावपटू महिलेला साध्या ब्राने फार त्रास होत असे. तिची बालमैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवत असे. तिने आणि तिची सहकारी हिंडा श्रायबर हिने मदत केली. पुरुष खेळाडू वापरतात तसे इलॅस्टिकचे दोन लंगोट त्यांनी एकमेकांना शिवले आणि त्यातून पहिली 'जॉगब्रा' तयार झाली. १९७९ मध्ये तिला पेटंट मिळाले. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती १९८४ मध्ये. म्हणजे स्त्रियांनी लांब पल्ल्याचे धावणे जगाने मान्य करण्याचा काळ आणि या वस्त्राचा काळ जवळजवळ एकच आहे.

दोन तऱ्हा

पहिल्या तऱ्हेत एकसंध ताणदार कापड दोन्ही स्तन छातीवर सपाट दाबून धरते. लहान व मध्यम आकाराला ही तऱ्हा पुरते. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक स्तनासाठी स्वतंत्र वाटी असते आणि ती त्याला वेगळे पेलते. मोठ्या आकाराला ही तऱ्हा, किंवा दोन्हींचा मेळ असलेली ब्रा, अधिक सोयीची. चालणे, योगासने यांना हलका आधार चालतो. धावणे, दोरीच्या उड्या, खो-खो, कबड्डी यांना भक्कम आधार हवा. कबड्डीत पाठीवर पडण्याचे आणि पकडीचे प्रसंग येतात, म्हणून धातूची तार किंवा पाठीवर टोचणारे हुक नकोत. खो-खोत सूर मारताना खांद्याचे पट्टे घसरू नयेत, यासाठी पाठीवर एकत्र येणारे पट्टे चांगले.

माप कसे घ्यावे?

आपल्याकडे हे वस्त्र बहुधा अंदाजाने आणले जाते. दुकानदार पुरुष असतो, मुलगी गप्प असते आणि आई "मोठेच द्या, पुढे होईल" म्हणते. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालतो. येथे चालत नाही. शिंप्याची मापपट्टी घेऊन घरी, एकांतात दोन मापे घ्यावीत.

पहिले माप स्तनांच्या अगदी खाली, छातीभोवती, श्वास सोडल्यावर. पट्टी पाठीमागेही आडवी, सरळ असावी. दुसरे माप स्तनांच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून, पट्टी न आवळता. पहिल्या मापावरून पट्ट्याचा क्रमांक आणि दोन मापांच्या फरकावरून वाटीचे अक्षर ठरते. भारतातील बऱ्याच तक्त्यांत खालचे माप ७० सेंटिमीटरच्या आसपास असल्यास क्रमांक ३२, ७५ असल्यास ३४ आणि ८० असल्यास ३६ धरतात. फरक १२ ते १४ सेंटिमीटर असल्यास ए, १४ ते १६ असल्यास बी, १६ ते १८ असल्यास सी. उदाहरणार्थ, मापे ७० आणि ८५ आली तर ३२ बी. येथे अनेकांचा गोंधळ होतो. कारण ७० सेंटिमीटर म्हणजे साडेसत्तावीस इंच, बत्तीस नव्हे. जुन्या पद्धतीत इंचांतल्या मापात ४ किंवा ५ मिळवत, त्याचा हा वारसा. कंपनीगणिक तक्ते बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा सेंटिमीटरची मापे लिहून दुकानात न्यावीत.

पाच परीक्षा

१. खालच्या पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. मुख्य भार या पट्ट्याने पेलायचा असतो. हात वर केल्यावर तो वर सरकला, तर तो सैल आहे.

२. खांद्यांवर वळ उठू नयेत. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. म्हणून १ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा ३ सेंटिमीटरची पट्टी तेवढ्याच भाराला एकतृतीयांश दाब देते.

३. वाटीतून वरून किंवा काखेकडून स्तन बाहेर येऊ नये. वाटीला सुरकुत्याही पडू नयेत.

४. खोल श्वास घ्यावा. बरगड्या मोकळ्या पसरल्या पाहिजेत. जितके घट्ट तितके चांगले, हे खरे नाही. छातीला फडके आवळून धावणे तर टाळावेच. त्याने श्वास कोंडतो.

५. जागेवर दहा-बारा उड्या माराव्यात आणि हात मोकळे फिरवून पाहावेत. छातीला हिसका बसत असेल किंवा शिवण कुठे टोचत असेल, तर ती ब्रा नको.

कापूस की कृत्रिम धागा?

आपला जिल्हा कापसाचा. अंगाला सुती कापड उत्तम, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे आणि रोजच्या वापराला ते खरेही आहे. परंतु कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज पाण्याला धरून ठेवते. सामान्य दमट हवेतही कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. दौडीत घाम आला की सुती ब्रा जड होते, सैलावते आणि ओली शिवण कातडीवर घासून चट्टे पडतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या खास विणीत घाम तंतूंच्या आत न शिरता फटींतून केशाकर्षणाने बाहेरच्या बाजूला येतो आणि तेथे वाळतो. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो. या कापडाला ताण देणारा धागा म्हणजे स्पॅन्डेक्स; तो १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तयार केला. मात्र प्रत्येक कृत्रिम कापड असे नसते. गुळगुळीत, दाट विणीचे स्वस्त कापड आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगाला चिकटते. पाण्याचा एक थेंब कापडावर टाकून पाहावा. तो झटकन पसरला तर कापड कामाचे.

धुणे आणि वाळवणे

खेळून आल्यावर ब्रा लगेच बदलावी आणि साध्या पाण्याने धुवावी. कढत पाणी आणि जोराने पिळणे यांनी इलॅस्टिक मरते. ती वाऱ्याला, मोकळ्या जागी वाळवावी. पुष्कळ घरांत अंतर्वस्त्रे टॉवेलखाली किंवा कोनाड्यात लपवून वाळत घालतात. पावसाळ्यात ती ओलसरच राहतात, आणि तशीच घातली की घामोळ्या-गजकर्णाला निमंत्रण मिळते. दोन ब्रा आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही नीट वाळतात. नवी असताना खालच्या पट्ट्याची न ताणलेली लांबी वहीत लिहून ठेवावी. ती वाढत गेली आणि पट्टा शेवटच्या हुकावरही सैल बसू लागला, की ब्रा बदलावी. खास ब्रा परवडत नसेल, तर मापाची साधी ब्रा आणि तिच्यावर अंगाबरोबर बसणारी ताणदार बनियन, ही जोडी सैल ब्रापेक्षा बरी.

शाळेत काय करता येईल?

वर्गात हे विज्ञान मुला-मुलींना एकत्र शिकवता येते, तेही कोणाला संकोच न वाटता. पाऊण पाव पाण्याची पिशवी रबरी पट्टीला टांगून हात वर-खाली करा आणि मोजपट्टीने तिची हालचाल मोजा. मग तीच पिशवी पुठ्ठ्याला फडक्याने बांधून पुन्हा मोजा. सुती आणि पॉलिएस्टर कापडाचे सारखे तुकडे भिजवून, पिळून, दर दहा मिनिटांनी वजन करून आलेख काढा. आधार, जडत्व, बाष्पीभवन हे सारे त्यात आले.

मापांची माहिती मात्र मुलींना शिक्षिकेने स्वतंत्र द्यावी. शाळेत शिक्षिका नसेल, तर आशाताई किंवा परिचारिकेला बोलवावे. मापपट्टी मुलींच्या हाती द्यावी. मापे त्यांची त्यांनी घ्यावीत आणि ती कोणत्याही वहीत नोंदवू नयेत. वयात येताना स्तन हुळहुळे असतात, हे सांगावे. गाठ, स्राव किंवा न थांबणारी वेदना असेल तर डॉक्टरांकडे जायचे, हेही सांगावे.

खेळाच्या तासाला एखादी मुलगी पुन्हा "पोट दुखते" म्हणाली, तर तिला आळशी म्हणण्याआधी आपण हे आठवू या. एक मापपट्टी आणि दहा मिनिटांचा मोकळा संवाद, एवढ्याने ती पुन्हा हात मोकळे सोडून धावू शकेल.