कोणाच्या हाताखाली कोण

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लक्षावधी माणसांनी सुरत सोडली, आणि पुढल्या वर्षी महापालिकेचे आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी त्या शहराची जी स्वच्छता घडवून आणली तिचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्या कौतुकात झाडू, कचरागाड्या आणि दंड यांचीच चर्चा अधिक होते, आणि कारभाराच्या रचनेत केलेला मूलगामी फेरफार मागे पडतो. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकावर एकेक अधिकारी नेमण्यात आला, व एरवी आयुक्तांच्याच हाती असणाऱ्या अधिकारांचा मोठा भाग त्याच्या स्वाधीन करण्यात आला. तुंबलेल्या गटाराचा निकाल मुख्य कचेरीऐवजी विभागातच लागू लागला, आणि जाब कोणाला विचारायचा याविषयी संदेह उरला नाही.

अशी रचना कागदावर मांडली की हुद्द्यांच्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांनी ज्याला आपण ऑर्ग चार्ट म्हणतो तो तक्ता बनतो, आणि माझ्या मते त्यातील रेषांनाच खरे महत्त्व आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी १८५५ मध्ये असा तक्ता रेखाटून घेतला, तेव्हा तो कसबी हातांनी काढावा लागला. आज पॉवरपॉइंटमध्ये 'इन्सर्ट'मधून 'स्मार्टआर्ट' आणि त्यातील 'हायरार्की' हा वर्ग उघडला की तयार आराखडा समोर येतो. बाजूच्या मजकूरपट्टीत एकेका ओळीवर हुद्दे लिहावेत; टॅबची कळ दाबली की हुद्दा एक पायरी खाली उतरतो, शिफ्टसह दाबली की वर चढतो. यंत्राचे काम एवढ्यावर संपते आणि विचाराचे सुरू होते.

उदाहरणादाखल सुरतेतील इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा तक्ता काढून पाहावा. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने शिवकालात ती वखार पाहिली आणि तिच्या कारभाराचे वर्णन लिहून ठेवले. शिरोभागी सालिना पाचशे पौंडांचा प्रेसिडेंट; त्याच्या सल्लागार मंडळात हिशेबनीस, कोठारप्रमुख, जहाजांच्या जमाखर्चाचा अधिकारी व चिटणीस; त्यांच्या खाली व्यापारी, मग फॅक्टर, आणि तळाशी सालिना दहा पौंडांवर पाच वर्षे राबणारे कारकून. फ्रायर मंडळातील चौघांना एकाखाली एक असे मांडतो, पण तो मानाचा क्रम आहे. हुकुमाचा क्रम पाहिला तर चौघेही प्रेसिडेंटच्या हाताखाली एकाच ओळीत बसतात. पत्रे लिहिणारा व कंपनीची मोहोर सांभाळणारा चिटणीस पाहून स्मार्टआर्टमधील 'असिस्टंट'ची बाजूची चौकट त्याला देण्याचा मोह होतो. तो मात्र टाळावा, कारण चिटणीस मंडळाचा सभासद होता. आजच्या कचेऱ्यांचे तक्तेही मान आणि हुकूम यांची अशीच गल्लत करतात, आणि मग वयोवृद्ध अधिकाऱ्याखाली त्याला कधीही जाब न देणारी माणसे चितारली जातात.

अधिक बिकट प्रश्न दलालांचा. भीमजी पारेखांसारखे सुरतेचे मातबर व्यापारी कंपनीचे दलाल होते. ते या नोकरश्रेणीत कोठेच नव्हते, आणि तरी मालाची खरेदी त्यांच्यावाचून अडत असे. अशा संबंधासाठी तुटक रेषा असते. स्मार्टआर्टमध्ये एका चौकटीला दोन वरिष्ठ देता येत नाहीत, म्हणून आराखडा पक्का झाल्यावर त्याचे सुट्या आकारांत रूपांतर करावे, आणि 'शेप्स'मधील जोडरेषा घेऊन ती तुटक करावी.

चौकटीत व्यक्तीचे नाव घालण्यापूर्वी हुद्दा लिहावा, रिकाम्या जागाही दाखवाव्यात, आणि कोपऱ्यात तारीख अवश्य घालावी, कारण रेषा बदलत राहतात. फ्रायरच्या काळी मुंबईचा कारभार पाहणारा डेप्युटी गव्हर्नर सुरतेच्या प्रेसिडेंटच्या ताब्यात होता. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, आणि सुरतेची चौकट मुंबईच्या खाली गेली.