'उष्णता झाली' म्हणजे नेमके काय?

उन्हाळा लागला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "उष्णता झालीय." तोंड येते, लघवीला जळजळते, डोळे चुरचुरतात, घोळणा फुटतो. चिनी पारंपरिक वैद्यकात अशाच त्रासाला 'शांग हुओ', म्हणजे आतला अग्नी भडकणे, म्हणतात. त्यावर मुगाचे पाणी आणि शेवंतीच्या फुलांचा चहा देतात.

पण असा त्रास होत असताना थर्मामीटर लावला तर ताप सहसा नसतो. पाणी कमी पडले की लघवी गडद होऊन जळजळते. तोंड येण्यामागे जागरण, ताण, 'ब' जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता असू शकते. कोरड्या हवेने किंवा नाक कोरल्याने घोळणा फुटतो.

म्हणून आधी सवयी बदलाव्यात. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ताक, नाचणीची आंबील, कोकमाचे पाणी, काकडी, कलिंगड घ्यावे. तांदळाची पेजही उत्तम. विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी पेजेचे, म्हणजे यागूचे, गुण सांगितले आहेत : भूक-तहान भागते, मूत्राशय साफ राहते. चहा, तिखट, तळलेले कमी करावे. रात्री वेळेवर झोपावे. मधुमेह असल्यास सरबतात साखर नको. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.

मात्र 'उष्णता' या शब्दाआड आजार लपू देऊ नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, आणि विशेषतः तंबाखू-गुटख्याची सवय असेल, तर तपासणी कराच. तो कर्करोग असू शकतो. लघवीच्या जळजळीसोबत थंडी-ताप किंवा रक्त असेल, तर सब्जा पीत बसू नका. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हीच कालाम सुत्ताची शिकवण आहे.

उष्माघात तर याहून अगदी वेगळा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेले लोक भर उन्हात बसले होते. त्यातल्या १४ जणांचा जीव गेला. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. नाक्यावरचे मजूर, माथाडी कामगार, फेरीवाले, लहान मुले आणि वृद्ध यांना धोका जास्त.

अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर लगेच १०८ ला फोन करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. शुद्धीत असलेल्या, पण घामाने थकलेल्या माणसाला ओआरएस द्या. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजा.

१४ एप्रिलची मिरवणूकही याच उन्हात निघते. प्रत्येक विहाराने व मंडळाने वाटेत पाणी, सावली आणि ओआरएसची सोय करावी. दुपारची वेळ टाळावी. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये लढलेल्या समाजाच्या मिरवणुकीत कुणी तहानलेला राहू नये. जय भीम!