असली कोब्रा, फायबरची कोब्रा

कॅरोल शेल्बीच्या देखरेखीखाली १९६० च्या दशकात तयार झालेल्या कोब्रा गाड्या जेमतेम हजार. आज कोब्रा म्हणून जगभर फिरणाऱ्या गाड्या मात्र त्याच्या कितीतरी पट आहेत. त्यामुळे जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की वाद ठरलेला: नक्कल गाडीला प्रदर्शनाच्या मैदानात येऊ द्यायचं का, आणि आलीच तर तिला मोल काय?

कोब्राचीच एवढी नक्कल होण्याचं कारण साधं आहे. तिची चेसिस म्हणजे दोन जाड गोल नळ्यांची शिडी. वर पक्कं छप्पर नाही. बॉडीची वळणं फायबरच्या साच्यात सहज उतरतात. मोडीत निघालेल्या मस्टँगचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल मिळाला की हौशी माणूस घरच्या गॅरेजात गाडी उभी करू शकतो. फॅक्टरी फाइव्ह ही अमेरिकी कंपनी १९९५ पासून घरी जोडायच्या अशा गाड्यांच्या संचांवर उभी आहे.

शिवाय मूळ कोब्रा तरी कुठे एका घराण्याची? शेल्बी टेक्ससचा. १९५९ ची ल मां शर्यत जिंकली आणि पुढे हृदयविकारामुळे स्पर्धा सोडाव्या लागल्या. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एसी या लहान कंपनीला तिच्या 'एस' गाडीसाठी मिळणारी ब्रिस्टल इंजिनं बंद होणार होती. शेल्बीने त्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन घातलं. म्हणजे अंग इंग्रजी आणि काळीज अमेरिकी. रिप्लिकावाले नेमकं हेच पुढे करतात: आमच्या गाडीतही फोर्डचंच इंजिन आहे, फक्त पत्र्याऐवजी फायबर आहे. कर्मठ मंडळींचं उत्तर असतं की हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची सर फायबरला नाही, आणि प्रत्येक खऱ्या कोब्राचा चेसिस नंबर नोंदवहीत आहे. तुमचा आहे का?

पैशाच्या भाषेत बोलायचं तर नंबरच जिंकतो. शेल्बीची पहिलीवहिली कोब्रा २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. तेवढ्यात रिप्लिकांचा एक तांडा येईल. पण एवढी किंमत मोजलेली गाडी पावसात कोण काढणार? रिप्लिकावाला काढतो. त्याची गाडी धावते, चिखल उडवते, बिघडते, दुरुस्त होते. गाडी चालवण्यासाठी असते असं मानणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे इथे माझा कल लपवत नाही.

मात्र खुद्द शेल्बीने जे केलं त्याला माझ्याकडे माफी नाही. १९६५ च्या चेसिस शिल्लक होत्या, त्याच आता पूर्ण करतोय, असं सांगून त्याने कॅलिफोर्नियात त्या काळच्या नंबरांची मालकीपत्रं मिळवली. १९९३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी फोडली: त्यांतल्या बहुतेक चेसिस नव्याने बनवलेल्या होत्या. कोब्राचा जन्मदाताच तो, त्याला नवी कोब्रा बनवायला कोणी अडवलं नसतं. साल तेवढं खरं सांगायचं होतं. पुढे त्याच्या कंपनीने नव्या मालिकेचे वेगळे नंबर देऊन अशा गाड्या उघडपणे विकल्या, आणि त्यांनाही गिऱ्हाईक मिळालं.

जग्वारने हाच खेळ सभ्यपणे मांडला. लाइटवेट ई-टाइपसाठी अठरा नंबर राखून ठेवले होते, १९६० च्या दशकात बारा गाड्या बनल्या. उरलेल्या सहा कंपनीने २०१४ नंतर बनवल्या. १९५७ च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेनच्या कारखान्याला लागलेल्या आगीत एक्सकेएसएसच्या नऊ गाड्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी २०१६ मध्ये नऊ नव्या गाड्यांची घोषणा झाली, प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांहून जास्त. याला 'कंटिन्युएशन' म्हणतात. अर्धशतकाने पुन्हा सुरू झालेल्या कामाला सातत्य म्हणायचं धाडस जाहिरात विभागच करू जाणे. कारागिरी अव्वल आहे, पण गॅरेजातल्या हौशी माणसाने केलं तर नक्कल आणि कंपनीने केलं तर वारसा, हे मला पटत नाही.

या सगळ्या वादात वाचण्याजोगा निवाडा आहे तो लंडनच्या उच्च न्यायालयाचा, १९९० चा. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मां जिंकलेली. नंतर तिची पुन्हा पुन्हा बांधणी झाली, इंजिन बदललं, १९३२ मध्ये ब्रुकलंड्सला भीषण अपघात होऊन चालक गेला, पुढे बॉडीही नवी चढली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. विजयाच्या वेळचे भाग खरोखरच फारच थोडे उरले होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी खरी ठरवली, कारण ती कधी मोडीत निघून नव्याने जन्मली नव्हती; तिच्या आयुष्याचा धागा अखंड होता आणि दुसरी कुठलीही गाडी त्या नावावर दावा सांगत नव्हती. मला हा निकाल मान्य आहे. पत्रा बदलतो, इतिहास बदलत नाही. म्हणूनच कोरी चेसिस जुना नंबर लावून आली की तो उसना इतिहास होतो.

कायद्याची तऱ्हा देशागणिक वेगळी. बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ मध्ये फेरारी २५० जीटीओला कलाकृतीचा दर्जा दिला. जर्मनीत मर्सिडीजने ३०० एसएलची फायबरची प्रतिकृती चक्क चिरडायला लावली. उलट अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ रिप्लिका विकायची मुभा दिली, अर्थात मूळ हक्कदाराचा परवाना घेऊन.

आपल्याकडे वाद कोब्राचा नाही, जीपचा आहे. माझगावात महिंद्राने विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी वर्षानुवर्षं बनवली. तिचं इंजिन उंच, म्हणून बोनेटही उंच. हौशी लोकांना हवी असते दुसऱ्या महायुद्धातली 'लो बोनेट'. मग बोनेट उतरवायचं, सात फटींची जाळी काढून नऊ फटींची बसवायची, लष्करी हिरवा रंग देऊन पांढरा तारा रंगवायचा, की झाली १९४२ ची जीप! जाणकार मात्र खाली वाकतो. विलिस एमबीच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्ड जीपीडब्ल्यूचा उलट्या यू आकाराचा. फोर्डच्या बोल्टांवर 'एफ' अक्षर. रंगाखाली एवढं लपत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका आणली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. धंद्यासाठी अशी गाडी वापरता येत नाही, म्हणजे वरातीत भाड्याने लावणं बाद. नियम चांगला आहे, पण प्रामाणिकपणे बनवलेल्या रिप्लिकेला त्यात जागा नाही, आणि तशी जागा नसली की लोक खोट्या सालाकडे वळतात. रिप्लिकेसाठी वेगळी नोंद आरटीओने सुरू करावी, एवढी मागणी शौकिनांच्या क्लबांनी एकमुखाने लावून धरायला हवी.

तोवर जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि क्रोम नंतर बघा. आधी चेसिसवर कोरलेला नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, जमल्यास एखाद्या जुन्या मेकॅनिकला सोबत न्या, आणि गाडी रिप्लिका असेल तर तसं विक्रीच्या कागदावर लिहून मागा. विकणारा का-कू करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.