स्थलांतरितांची धर्मसेवा, कॅथलिक
स्थलांतरितांची धर्मसेवा, कॅथलिक : स्वदेश सोडून परक्या देशात आलेल्या कुटुंबांच्या धार्मिक व ऐहिक गरजांकडे लक्ष पुरविण्याची कॅथलिक चर्चची व्यवस्था. उपासना, संस्कारप्रदान व धर्मशिक्षण यांबरोबरच अन्नवस्त्रादी साहाय्य, कायदेविषयक सल्ला आणि स्थानबद्धांच्या भेटी यांचाही तीत अंतर्भाव होतो. वैध परवान्यावाचून राहणाऱ्या, आणि म्हणून अटक व हद्दपारी यांच्या भीतीखाली असणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत या सेवेला निराळे वळण लागते. कारण ज्यांची सेवा करावयाची, ते लोक चर्चपर्यंत येऊच धजत नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२५ मध्ये ही स्थिती विशेष तीव्रतेने निर्माण झाली.

या सेवेचा पाया एकोणिसाव्या शतकातील इटालियन स्थलांतराच्या काळात घातला गेला. पिआचेन्त्साचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रीनी (१८३९–१९०५) यांनी अमेरिका खंडात जाणाऱ्या देशबांधवांसाठी १८८७ मध्ये धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला. फ्रान्सेस्का कब्रीनी (१८५०–१९१७) ही धर्मभगिनी १८८९ मध्ये न्यूयॉर्कला गेली व तिने तेथे आणि अन्यत्र शाळा, अनाथालये व रुग्णालये उभारली. पोप बारावा पायस (कार. १९३९–५८) याने १९५२ मध्ये काढलेल्या ‘एक्सूल फामिलिआ’ या आज्ञापत्रात ईजिप्तमध्ये आश्रय घेणारे येशूचे कुटुंब हे सर्व स्थलांतरितांचे आदिरूप मानले आहे. तथापि त्या काळातील चिंता मुख्यतः परकी भाषा, शोषण व श्रद्धेचा लोप यांविषयीची होती. शासनाची भीती हा प्रश्न पुढील काळातला. १९८० नंतरच्या दशकात एल साल्वादोर व ग्वातेमाला येथून पळून आलेल्यांना काही अमेरिकन चर्चवास्तूंनी आश्रय दिला, तेव्हा तो ठळकपणे पुढे आला. या चळवळीतील काही कार्यकर्त्यांवर टूसॉन येथे खटला चालून १९८६ मध्ये त्यांतील आठजण दोषी ठरले. त्यांत कॅथलिक धर्मगुरूही होते.

चर्चमध्ये शिरलेल्यास अटक होत नाही, ही समजूत जुनी असली, तरी तिला आता कायद्याचा आधार नाही. १९१७ च्या चर्च-विधिसंहितेत आश्रयाच्या हक्काचे कलम होते. १९८३ च्या संहितेत ते वगळले गेले. अमेरिकेत जे संरक्षण होते ते केवळ प्रशासकीय स्वरूपाचे. प्रार्थनास्थळे, शाळा, रुग्णालये इ. ठिकाणी सामान्यतः कारवाई करू नये, अशी सूचना २०११ मध्ये देण्यात आली होती व २०२१ मध्ये ती अधिक व्यापक करण्यात आली. २० जानेवारी २०२५ रोजी ती रद्द झाली. येथे सेवेचे एक अगदी व्यावहारिक अंग सुरू होते. न्यायाधीशाच्या सहीचे अधिपत्र व खात्याचे प्रशासकीय अधिपत्र यांतील फरक, तसेच इमारतीचा सर्वांस खुला भाग व खाजगी भाग यांतील भेद धर्मग्रामातील (पॅरिशमधील) सेवकांना व कुटुंबांना समजावून द्यावा लागतो. अनेक कुटुंबांत आईबाप परवान्यावाचून राहणारे, तर अमेरिकेत जन्मलेली मुले त्या देशाची नागरिक असतात. साहजिकच आईबापांना अटक झाल्यास मुलांना कोणी सांभाळावे, याची कागदपत्रे आधीच तयार ठेवण्यास साहाय्य करणे हेही या सेवेत मोडते.

रविवारी मिस्सेला उपस्थित राहणे हे कॅथलिकांचे बंधनकारक कर्तव्य आहे. गंभीर कारण असल्यास ते आपोआप शिथिल होते. शिवाय बिशपला त्यातून सूट देता येते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांतात जून २०२५ मध्ये चर्चच्या आवारातच अटका झाल्या. त्यानंतर स्वतः मेक्सिकोत जन्मलेले बिशप आल्बेर्तो रोहास यांनी ८ जुलै रोजी हुकूमनामा काढून, कारवाईच्या भीतीमुळे मिस्सेस येऊ न शकणाऱ्यांना या कर्तव्यातून मुक्त केले आणि घरी प्रार्थना, बायबलवाचन व जपमाळ यांचा अवलंब करण्यास सुचविले. इतर काही धर्मप्रांतांतही अशी सूट देण्यात आली. २०२० च्या महासाथीतही सूट होती. परंतु ती सर्वांना सारखीच होती. येथे मात्र एकाच वस्तीतील काही श्रद्धावंत चर्चमध्ये आणि काही बंद दारांआड, अशी विभागणी झाली. सूट दोषापासून मुक्त करते. ख्रिस्तप्रसादाची उणीव ती भरून काढू शकत नाही. यामुळे घरोघर जाण्याला महत्त्व आले. लॉस अँजेल्स महाधर्मप्रांताने जुलै २०२५ मध्ये घराबाहेर पडण्यास भिणाऱ्या कुटुंबांना किराणा व औषधे पोहोचविण्याची योजना सुरू केली.

सॅन डिएगो येथे वेगळा मार्ग अवलंबिला गेला. तेथे स्थलांतर न्यायालयात तारखेला हजर राहणाऱ्यांनाच बाहेरच्या मार्गिकेत अटक होऊ लागली होती. व्हिएटनाममधून बालपणी निर्वासित म्हणून आलेले बिशप मायकेल फाम २० जून २०२५ रोजी इतर धर्मनेत्यांसह या लोकांच्या सोबतीला न्यायालयात गेले. ऑगस्टपासून धर्मगुरू व स्वयंसेवक यांची ही सोबत नियमित झाली. हे सोबती वकील नसतात व न्यायालयात युक्तिवादही करीत नाहीत. अटक झालीच, तर ती घरच्यांना कळविणारे कोणीतरी तेथे असते.

या कार्यास कॅथलिकांतूनही विरोध आहे. अमेरिका व मेक्सिको येथील बिशपांच्या २००३ च्या संयुक्त पत्रात स्थलांतराच्या हक्काबरोबरच सीमांचे नियमन करण्याचा राज्याचा हक्कही मान्य केलेला आहे. टीकाकार याच दुसऱ्या हक्कावर भर देतात. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी शासकीय निधी घेतल्याबद्दलही बिशपांवर टीका झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी त्यासंबंधीच्या करारांचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बाल्टिमोर येथे बिशपांच्या परिषदेने सरसकट हद्दपारीस विरोध करणारा विशेष संदेश २१६ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. तिघे तटस्थ राहिले. तोवर प्रश्न स्थानबद्धांपर्यंत पोहोचण्याचा झाला होता : ऑक्टोबरमध्ये शिकागोजवळील ब्रॉडव्ह्यू येथील केंद्रात ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलेल्या मिरवणुकीला आत प्रवेश नाकारण्यात आला, आणि स्थानबद्धांच्या आध्यात्मिक गरजांची दखल घेण्याचे आवाहन पोप चौदावे लिओ यांनी ४ नोव्हेंबर रोजी केले.