कुर्डुवाडी जंक्शन : नॅरोगेज यार्डातील रूळमांडणीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तुत लेखात बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडी येथील यार्डाची रूळमांडणी कोणत्या गरजांतून घडली, याचा विचार केला आहे. ('यार्ड'ला रूढ मराठी पर्याय नाही, 'आवार' म्हटले की रूळच हरवतात.)

इ.स. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेला ७६२ मि.मी. मापाचा मार्ग बार्शीपर्यंत सुरू झाला. त्या वेळी 'बार्शी रोड' म्हणून ओळखले जाणारे कुर्डुवाडी हे नॅरोगेज गाड्यांचे शेवटचे स्थानक होते. अशा स्थानकात इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकास नेण्यासाठी बाजूचा एक रूळ सदैव मोकळा ठेवावा लागतो. पुढे १९०६ मध्ये मार्ग पंढरपूरपर्यंत वाढला आणि चित्र पालटले. बार्शी ईशान्येस, तर पंढरपूर दक्षिणेस, म्हणजेच जी.आय.पी. रेल्वेच्या मुख्य मार्गाच्या दोन विरुद्ध बाजूंस. साहजिकच नॅरोगेजला हा मार्ग ओलांडणे भाग पडले व कुर्डुवाडी दोन फाट्यांचे मध्यस्थान झाले. लातूर (१९११) व मिरज (१९२७) जोडले गेल्यावर एकूण लांबी सुमारे ३२५ कि.मी. झाली.

तथापि, या यार्डाचे खरे मर्म मालाच्या अदलाबदलीत आहे. मुख्य मार्गाचे माप १६७६ मि.मी. असल्याने एकाही वाघिणीस पलीकडे जाता येत नसे. त्यामुळे दोन्ही मापांचे रूळ समांतर आणून मधल्या फलाटावरून प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवर वाहून न्यावे लागे. सबब उभे राहण्याचे रूळ नॅरोगेजच्या बाजूसही लागत. आषाढी-कार्तिकीच्या यात्राकाळात जादा डब्यांसाठीही हीच गरज होती. कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार ५ टनांपर्यंत मर्यादित ठेवल्याने हलके रूळ पुरत; त्यामुळे असा जादा विस्तार परवडणारा ठरला.

कंपनी १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. मापबदलाने प्रवास सुकर झाला, परंतु दोन मापांमधील त्या फलाटावर पोट भरणाऱ्या श्रमिकांची नोंद नकाशात सापडत नाही. आपल्या इतिहास व भूगोल विभागांनी जुने आराखडे आणि अशा हमालांच्या मुलाखती एकत्र तपासल्यास कोणत्या रुळावर कोणता माल उतरे, हे अद्याप निश्चित करता येईल.