पतंग आणि पिकांचा गंध

दिवेलागणीनंतर दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारे पतंग सर्वांच्याच परिचयाचे आहेत. त्यामुळें पतंगाला ओढून नेतो तो प्रकाशच, असा समज सहज होतो. परंतु शेताच्या काळोखांत पतंगाच्या मादीला वाट दाखविण्याचें काम मुख्यतः गंध करतो. तिच्यापुढें प्रश्न स्वतःच्या भुकेचा नसतो. अंड्यांतून निघणाऱ्या इवल्याशा अळीला अन्नाच्या शोधांत फार दूर जातां येत नाहीं. म्हणून जेथें अन्न, तेथेंच अंडीं घातलीं पाहिजेत.

प्रत्येक वनस्पति आपल्या पानांतून हवेंत सहज उडून जाणारीं कांहीं द्रव्यें सोडीत असते. बागेंतलें गवत नुकतेंच कापलें म्हणजे जो हिरवट वास दरवळतो, तो अशाच द्रव्यांचा. पतंगाच्या मस्तकावरील दोन शृंगिका हेंच त्याचें मुख्य घ्राणेंद्रिय. तींवरील सूक्ष्म केंसांच्या छिद्रांतून गंधाचे कण आंत शिरतात आणि मज्जातंतु जागृत होतात. एकच द्रव्य अनेक वनस्पतींत सांपडतें. म्हणून कोणतीं द्रव्यें कोणत्या प्रमाणांत मिसळलीं आहेत, यावरून मादी आपली वनस्पति ओळखते, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनें उडत तिच्याकडे जाते.

मका व ज्वारी यांवरील खोडकिड्याची मादी अशीच येते. महाराष्ट्रांतील ज्वारीवर आढळणारी ‘चिलो पार्टेलस’ ही त्याची जात आशियांतून आफ्रिकेंत गेली. तेथें तिची पहिली नोंद १९३० सालीं आजच्या मलावी देशांत झाली. अळी खोडांत शिरली कीं वरून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. एक-दोन एकरांवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्याला औषध परवडतही नाहीं. आणि पीक गेलें म्हणजे घरांतलें वर्षाचें धान्य गेलें.

यावर नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान संस्थेंत डॉ. झेयाउर खान यांनीं, इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील शास्त्रज्ञांच्या साह्यानें, १९९० नंतरच्या दशकांत एक युक्ति काढली. मक्याच्या शेताभोंवतीं त्यांनीं हत्तीगवत लावलें. पुढें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, अंधार पडल्यावर पहिल्या तासांत या गवताचीं गंधद्रव्यें सुमारें १०० पट वाढतात. मका-ज्वारीचीं मात्र सरासरी १० पटच. मादी अंडीं घालावयास निघते तीही याच सुमारास. अर्थातच ती गवताकडे वळते. परंतु अळी गवत पोखरूं लागली कीं त्यांतून चिकट रस स्रवतो आणि बहुतेक अळ्या तेथेंच मरतात.

मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाची शेंगावर्गीय वनस्पति लावतात. तिच्या वासानें पतंग दूर पळतात, असें दीर्घकाळ मानलें जाई. २०२४ सालच्या संशोधनानें मात्र तिच्या पानांवरील आंकडेदार केंसांत अळ्या अडकून मरतात, असा निराळा खुलासा पुढें आणला. टारफुला या परजीवी तणाला ती आळा घालते, याविषयीं मात्र मतभेद नाहीं. शिवाय हत्तीगवत आणि डेस्मोडियम हीं दोन्हीं गुरांचें उत्तम खाद्य होत. त्यामुळें जो बांध पिकाचें रक्षण करतो, तोच शेतकऱ्याच्या गाईचा चाराही पुरवितो.