मेथाकोलीन आणि दम्याचे निदान

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस मोठ्या प्रमाणावर पिकतो. तोडणीनंतर पाचट जाळल्यास त्याचा धूर दमेकऱ्यांना त्रासदायक ठरतो. परंतु असा त्रास सांगणाऱ्या रुग्णाची श्वसनक्षमता तपासणीच्या वेळी प्राकृत आढळू शकते. अशा वेळी निदानास मेथाकोलीन साहाय्यभूत होते.

मेथाकोलीन हे ॲसिटिलकोलीनशी साधर्म्य असलेले कृत्रिम संयुग होय. एका अधिक मिथिल गटामुळे शरीरात त्याचे विघटन सावकाश होते. तुषाररूपाने श्वासावाटे दिल्यास ते श्वासनलिकांच्या स्नायूंचे आकुंचन घडविते. मात्रा क्रमशः वाढवीत, जोराने सोडलेल्या उच्छ्वासात पहिल्या सेकंदास बाहेर पडणारी हवा मोजतात. ती २० टक्क्यांनी घटताच चाचणी थांबवून साल्ब्युटामॉल देतात. अल्प मात्रेतच अशी घट झाल्यास श्वासनलिका अतिसंवेदनशील समजतात.

तथापि होकारार्थी निष्कर्ष म्हणजे दम्याचा निर्णायक पुरावा नव्हे. ॲलर्जीजन्य सर्दीतही तो मिळू शकतो. याउलट लक्षणे चालू असताना निष्कर्ष नकारार्थी आल्यास दम्याची शक्यता फारच कमी उरते. रुग्णावर दम्याचा शिक्का बसून वर्षानुवर्षे चालणारा अनावश्यक औषधोपचार त्यामुळे टळतो. श्वासमार्गात आधीच तीव्र अवरोध असल्यास मात्र ही चाचणी वर्ज्य आहे.